नाल्याकाठची पांढरी फडकी

तुमच्यावर विसंबून कोणी गप्प बसलं होतं, आणि नेमक्या त्या वेळी तुम्ही भलतंच काहीतरी बोललात — असं तुमच्या हातून कधी झालंय का?

माझ्या हातून झालंय. हे मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. लिहिणं हेच माझं काम असून लिहिलेलं नाही. सांगितलंही फार उशिरा — आधी एकीला, अलीकडेच, पण तिला ते आधीपासून माहीत होतं. तेव्हा ते सांगणं धरायचं की नाही, मला ठरवता येत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. आमचं गाव धामणगाव बढेपासून फार लांब नाही. बाजाराला आम्ही तिथंच जातो. बाबा शेतकऱ्यांच्या चळवळीतले. मोर्चा झाला की उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा घरी यायचा, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. पीठ चाळायला पत्रक, डब्याच्या तळाला पत्रक, भिंतीच्या पोपड्यावर पत्रक. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः लिहू लागले. खताच्या भावावर, विजेवर, बियाण्यांच्या कंपन्यांवर. लोक म्हणायचे, उजीच्या लिखाणात आग आहे. होती. ती खोटी नव्हती, हे मला अजूनही म्हणावंसं वाटतं. पण पत्रकात एक सोय असते — त्यात लिहिणाराची भीती कुठंच येत नाही. भ्यायचं ते सरकारनं, भ्यायचं ते कंपनीनं. आपण कधी नाही.

आणि मी भीत होते. कशाला? सांगायला आजही हात अडतो. पोलिसांना नाही, लाठीला नाही. अळीला.

हसलात तर हसा. कापसाच्या गावात जन्मलेली बाई, आणि अळीला भिते.

बीटी बियाणं यायच्या आधीची ती वर्षं मोठ्या माणसांना आठवत असतील. औषधं मारून अळी मरेना, तेव्हा सगळं गाव डबे घेऊन वावरात उतरायचं. डब्यात घासलेट, आणि पराटीवरून, म्हणजे कापसाच्या झाडावरून, हातानं एकेक अळी उचलून त्यात टाकायची. मी लहान होते. एक अळी माझ्या मनगटावर चढली आणि मी डबा टाकून पळाले. बाबांनी मला परत आणलं, माझी मूठ उघडली, पराटीवरच्या जिवंत अळ्या तिच्यात ठेवल्या आणि वरून आपल्या हातानं ती मिटवली. म्हणाले, "आपल्या घरात कोनी कशालेच भीत नाही. झालं. गेली भीती." भोवतीची माणसं हसली. मीही हसले. मुठीत ते मऊ, गार, वळवळतं — मी हसत राहिले. त्या दिवसानंतर कोणी विचारलं की मी सांगायचे, माझी भीती बाबांनी घालवली.

नंतर बीटी आलं आणि अळी दिसेनाशी झाली. मी त्या बियाण्याविरुद्ध, त्याच्या किमतीविरुद्ध, त्याच्या जाहिरातींविरुद्ध पानंच्या पानं लिहिली — आणि मनातल्या मनात त्याची ऋणी होते. वावरात जाताना आता अंगावर काही चढणार नव्हतं. हे मी कोणाला सांगणार होते? कोणत्या पत्रकात?

मग ती परत आली. आता गुलाबी, आणि बोंडाच्या आत. हिच्यातलं कपट असं की बाहेरून काही कळत नाही. अळी बारीक असतानाच आत शिरते, तिचं छिद्र बुजून जातं, बोंड हिरवंगार, भरलेलं दिसतं. फोडल्याशिवाय समजत नाही. मी सांगते आहे त्या वर्षाच्या आदल्या वर्षी आमच्याकडे थोडं नुकसान झालं होतं. त्याच हंगामात शेजारच्या जिल्ह्यांतून फवारताना माणसांना विष बाधल्याच्या बातम्या येऊ लागल्या. म्हणून आम्ही गावात गट केला आणि ठरवलं — उगाच फवारायचं नाही. दर आठवड्याला प्रत्येक वावरातली बोंडं फोडून पाहायची. अळी नसली तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोवलेल्या तुरीच्या काडीला पांढरं फडकं बांधायचं. असली तर लाल. लाल दिसलं की त्या वावरवाल्यानं आणि त्याला लागून असलेल्यांनी एकाच दिवशी फवारायचं. पांढरं असेल तर पंपाला हात लावायचा नाही. वाचता न येणाऱ्यालाही रस्त्यावरून समजावं, अशी ती रीत. कल्पना माझीच. तिच्यावर पत्रकही मीच काढलं: बोंड फोडा, आत पाहा, मगच बोला.

मगच बोला. मीच लिहिलं होतं हे.

पाहणी कोणी करायची यावर सभेत वाद झाला. मी म्हटलं, बायांनी करावी. कापूस बायाच वेचतात, बोंड त्यांच्याच हातातलं. आणि मी वंदनाचं नाव घेतलं. वंदना बौद्ध मोहल्ल्यातली. माझ्याच वयाची, शाळेत एका वर्गात, नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. स्वतःचं वावर नाही. थोडी कुजबुज झाली. कोणाच्या वावरात कोणी शिरायचं, अशी ती कुजबुज होती. शब्द वेगळे होते. मी उभी राहिले, बोलले, आणि सभेला मान खाली घालावी लागली. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. दगडूकाका — नाल्याकाठच्या मोठ्या वावराचे मालक, गटातले सगळ्यांत वडील — शेवटी म्हणाले, "करू दे तिले. काम चांगलं केलं तं पुढच्या साली माह्यं नाल्याकाठचं तिलेच बटईनं देतो. माह्यानं आता होत नाही."

बटईनं वावर — म्हणजे निम्म्या वाट्यानं कसायला. तुम्ही गावातले नसाल तर ह्याचं मोल कसं सांगू? दुसऱ्याच्या धुऱ्यावर रोजानं राबणाऱ्या बाईला आपण काय पेरायचं हे ठरवता येणं — ते होतं त्यात. वंदना परत येताना माझ्याशी काही बोललीच नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तूर लावीन मधात. कापूस बुडला तं तूर तं राहीन." म्हणजे ती तेवढा वेळ पेरणी करत होती.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. सरळ, चालता चालता.

"एक आहे उजे. सभेत मले उभी नको करू. चार लोक पाह्यले की माह्या घशाले कुलूप लागते. शाळेत कविता म्हनाले उभी केली होती, आठवते ना? तशीच उभी राह्यली होती, घंटी होईपर्यंत."

"मी बोलीन ना दोघींचं," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं."

"अन् तुले कशाचं भेव वाटते? तेही सांगून टाक. हिसाब बराबर होऊन जाईन."

"मला? कशाचंच नाही."

"मंग तुले नवरा भेटणं कठीणच आहे बाई," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली.

कशाचंच नाही. इथून सुरुवात झाली. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा थापेनं काय होतं? मीही तेव्हा तेच म्हटलं असतं.

पोळ्यानंतर पाहणी सुरू झाली. पहिल्या दिवशी आम्ही दोघी एकाच तासात, पिकाच्या एकाच ओळीत, होतो. वंदना बोंड तोडायची, अंगठ्यानं दाबून फोडायची, पाहायची, टाकायची. मीही एक फोडलं. ओल्या पांढऱ्या सरकीत ती होती — तांदळाच्या दाण्याएवढी, डोकं काळसर. हलली. माझ्या हातून बोंड उडालं आणि तोंडातून काय निघालं ते मला माहीत नाही. वंदना धावत आली. मी म्हटलं, काटा टोचला. पराटीत कुठली बोरीची फांदी, तिनं विचारलं. मी म्हटलं, आहे ना, इथंच कुठंतरी. तिनं माझं बोट धरून पाहिलं. काही नव्हतं. तिनं पुढचं बोंड तोडलं.

त्याच दिवशी मी सुचवलं, आपण वावरं वाटून घेऊ, काम लवकर होईल. वरची तू घे, नाल्याकाठची मी. वंदनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सकाळी आम्ही गावातून सोबत निघायचो, फाट्यावर वेगळ्या व्हायचो, दुपारी तिथंच भेटून सोबत परत यायचो. कोणाची वाटणी कुठली हे गावात कोणी विचारलं नाही. आम्ही सांगितलं नाही.

आता मी काय करत होते ते सांगते. टाळत होते इतका वेळ.

मी बोंडं तोडायची. नीट, इथलं एक, तिथलं एक, ओटीत घ्यायची. मग नाल्याच्या काठाशी जायची — आणि न फोडता पाण्यात टाकून द्यायची. ती थोडी बुडायची, वर यायची, वाहत जायची. मग धुऱ्यावर येऊन पांढरं फडकं बांधायची. गाठ घट्ट मारायची, वाऱ्यानं सुटू नये म्हणून. इतकी काळजी मी गाठीची घेतली.

स्वतःला काय सांगत होते? की पानं तर निरोगी आहेत. की नाल्याकाठी वारा असतो, पतंग कमी येत असतील. की पुढच्या वेळी फोडीनच. पुढच्या वेळी काठावर उभी राहायची, एक बोंड अंगठ्याखाली धरायची, आणि मुठीतलं ते वळवळणं हाताला आठवायचं. मग ओटी रिकामी. खरं सांगायचं तर काही आठवड्यांनी लाजही वाटेनाशी झाली. कंटाळा वाटायचा फक्त. खोटं बोलणंही रोजचं काम होऊन जातं — हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं.

वंदनाला वर अळी सापडली. तिनं लाल फडकी बांधली, माणसांनी फवारलं, अळी आटोक्यात राहिली. खाली माझी पांढरी फडकी फडफडत राहिली. दगडूकाका एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "आपल्या बाजूनं देवाची मेहेरबानी आहे पोरी." मी हो म्हटलं.

पहिली वेचणी कशीबशी बरी निघाली. दिवाळीनंतरच्या वेचणीत नाल्याकाठची बोंडं उमललीच नाहीत. उमलली ती अर्धी, आत पिवळी, घट्ट, नखानंही सुटेना असा कापूस. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. वेचणाऱ्या बाया तासातूनच परत फिरल्या. एवढ्याशा कापसासाठी कोण बोटं सोलून घेणार. दगडूकाकांनी उभ्या पराटीत गुरं सोडली. त्यांचं एकट्याचं नाही, त्या काठाच्या सगळ्यांचंच गेलं.

ग्रामपंचायतीच्या ओसरीत गट बसला. वंदना बायांच्या मागं, खांबाला टेकून. मी पुढं. दगडूकाकांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"वरच्या वावरात अळी सापडली," ते म्हणाले. "मंग खाली काऊन नाही सापडली? खालचं पाह्यलं कोनं?"

मग मागून एकजण म्हणाला — कोण ते महत्त्वाचं नाही — "वरची उजीनं पाह्यली असतीन. ते लिवते तसंच करते. खालची हिनं."

"हाव ना," दुसरा म्हणाला. "कोनाले बी घ्या मनून उजी उभी राह्यली तवाच सांगतलं होतं."

माना हलल्या. किती सहज हलल्या. तिच्यावर भरवसा ठेवायला ह्याच माणसांना केवढं समजवावं लागलं होतं — आणि तो काढून घ्यायला काहीच लागलं नाही. तिचं चांगलं काम माझ्या नावावर आलं, माझं न केलेलं काम तिच्या. मी मागं वळून पाहिलं. वंदना माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. ती वाट बघत होती. मी बोलणार होते ना? दोघींचं मीच बोलणार होते. पक्कं.

मी उठले. आणि बोलले.

म्हटलं, आता कोणी कुठलं वावर पाहिलं हे उकरून काय मिळणार? आपण आपसात भांडावं हेच कंपन्यांना हवं आहे. खरा चोर बियाण्याच्या पिशवीत बसलाय. अळी येणार नाही म्हणून ज्यांनी दुप्पट भावानं बियाणं विकलं, त्यांना विचारा. पंचनामा का होत नाही ते तहसीलदाराला विचारा. मी खूप बोलले. आवाज कुठं उचलायचा, कुठं थांबायचं, मला येतं. टाळ्या पडल्या. मोताळ्याला मोर्चा न्यायचं ठरलं. बाबा भिंतीशी बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बियाणं फसवं निघालं होतं. पंचनामे होत नव्हते. मी ते सगळं खरं उचललं आणि माझ्यावर पांघरून घेतलं. एवढं मोठं सत्य समोर असताना फडकं कोणी बांधलं ते कोण विचारणार?

पण विचारणारानं मनात विचारलंच होतं, आणि उत्तरही त्याला मिळालं होतं. मी नाही म्हटलं नव्हतं.

परतताना वंदना बराच वेळ सोबत चालली. मोहल्ल्याच्या वळणावर थांबली.

"त्या दिवशी काटा नव्हता ना?" तिनं विचारलं.

ही शेवटची संधी होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. सभा नव्हती, बाबा नव्हते. फक्त ती, जिनं तिची भीती मला चालता चालता देऊन टाकली होती.

"होता," मी म्हटलं.

ती वळली आणि गेली.

दगडूकाकांनी नाल्याकाठचं वावर पुढच्या वर्षी दुसऱ्याला बटईनं दिलं. गट मोर्च्यापुरता टिकला, मग विस्कटला. एकमेकांची फडकी कोणी मानेना. वंदना आणि तिचा नवरा मलकापूरला गेले. तिथल्या जिनिंगमध्ये ती कापसाच्या ढिगातून पिवळा, किडका कापूस वेगळा काढायचं काम करते.

मी लिहीत राहिले. मात्र कोणासोबत काम जमेना. दोनचार महिने झाले की मी भांडून बाहेर पडायची. कारण तत्त्वाचं असायचं, नेहमीच असायचं. खरं कारण हे की सोबतचं माणूस आज ना उद्या माझा हात बघणार, ह्याची मला धास्ती होती.

गेल्या हंगामात दुसऱ्या एका गावात असाच गट उभा राहत होता. मला पत्रकासाठी बोलावलं. पहिल्याच बैठकीत, का कोण जाणे — थकले असेन — मी म्हटलं, एक सांगून ठेवते, मला अळीची भीती वाटते, बोंड फोडता येत नाही. बाया हसल्या. एकजण म्हणाली, "अगं माय, अन् आमाले वाटलं तू वाघीण आहे." दुसरी म्हणाली, मग तू फडकी बांध, फोडायचं आम्ही पाहू. पुढच्या विषयावर गेल्या. संपलं. काही आठवडे मी नुसती शेजारी उभी राहून त्यांच्या हातातलं फोडलेलं बोंड पाहत होते. मग एक दिवस स्वतः फोडलं. अळी होती. बोंड हातातच राहिलं. कोणाचं लक्षही नव्हतं.

एवढंच होतं? एका हशाइतकं? त्या दिवशी मी धुऱ्यावर बसून राहिले. आनंद वगैरे झाला नाही. एवढ्या स्वस्तात जे सुटलं असतं, त्यासाठी मी एका बाईचं वावर दिलं होतं.

मलकापूरला गेले. जिनिंगच्या फाटकाशी वंदना जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली, केसांवर कापसाचे कण. मी सगळं सांगितलं. नाल्यात बोंडं टाकल्याचंही. ती ऐकत भाकर खात राहिली. शेवटी म्हणाली, "मले सांगून काय करतं? मले तं ठाऊकच होतं. ज्यायले ठाऊक नाही त्यायले सांग." डबा झाकला आणि आत गेली.

गावात सांगितलं. दगडूकाका म्हणाले, आता त्याचं काय. बाबा अजूनही माझ्याशी फारसे बोलत नाहीत. पण वंदनावरचा आळ आता गावापुरता राहिलेला नाही. आमच्या भागात आता एक बोलणं पडून गेलंय. कोणी कामात कसूर केली, न बघताच बघितल्याचं सांगितलं, तर म्हणतात — ही तर वंदनाची पाहणी झाली. बाजारात ऐकलं मी, एसटीत ऐकलं. ज्यांनी तिला कधी पाहिलंही नाही, तीही माणसं म्हणतात.

मला माफ करा, असं मी म्हणणार नाही. ते तुमच्याकडं मागायचं नाहीच. तुम्ही ह्या बाजूचे असाल, किंवा कधी धामणगावच्या बाजारात, मोताळ्याच्या स्टँडवर, मलकापूरच्या गाडीत असाल, आणि कोणाच्या तोंडून हे बोलणं निघालं — तर एवढं करा. त्याला तिथंच थांबवा. सांगा की वंदनानं जी वावरं पाहिली त्यांत अळी सापडली होती आणि तिनं लाल फडकी बांधली होती. नाल्याकाठी बोंडं न फोडता पांढरी फडकी बांधणारी उज्ज्वला होती. नाव सांगा. उज्ज्वला.